बिल्ला उलटा करून बघा

मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय जरा जड आहे. जड म्हणजे खरोखरच जड, पितळी! आठवडाभर कोडमधले बग शोधायचे आणि सुट्टीच्या दिवशी भिंग घेऊन शंभर वर्षांपूर्वीच्या ओतकामातले बग शोधायचे, असा उद्योग गेली काही वर्षं चालू आहे. घरच्यांचं यावर काय मत आहे ते कृपया विचारू नका :-)

तर विषय आहे बिल्ले. ब्रिटिश अमदानीत आपल्याकडच्या पलटणींतले शिपाई, स्वार आणि साहेब लोक टोपीवर, फेट्यावर, कॉलरवर, खांद्यावर जे धातूचे बिल्ले लावत, ते. मी राहतो गारखेड्यात. इथून छावणी रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटांवर. छावणीचा गुरुवारचा बाजार आणि जाफर गेटचा रविवारचा बाजार, दोन्हीकडे मोडीचे ढीग लागतात. गंजलेली कुलपं, तुटके स्टोव्ह, बिनकानाच्या कढया यांच्यात कधीतरी एखादा बिल्ला निघतो. विकणाऱ्याचे भाव दोनच. एक किलोचा, आणि दुसरा "अंग्रेज के जमाने का है साब" असा. दोन्ही भाव चुकीचे असण्याची शक्यता बरीच असते.

हातात आलेला असा बिल्ला तीनपैकी एक असतो. विलायतेत ठसा मारून बनवलेला, त्याच काळात इथल्या कारागिराने ओतलेला, किंवा परवा-तेरवा कोणीतरी जुना भासवून विकायला केलेला. संग्राहकांच्या जगात पहिल्याला मान, तिसऱ्याला शिव्या, आणि मधल्याकडे 'स्थानिक बनावट, कच्चं काम' म्हणून काणाडोळा. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या दृष्टीने मधलाच सगळ्यात मोलाचा. तो ओळखायचा असेल तर बिल्ल्याची पुढची बाजू थोडा वेळ विसरून मागची बाजू वाचायला शिकलं पाहिजे.

छावणी नेमकी कोणाची?

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय बिल्ल्यावरचं नाव कळत नाही.

औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) हे इंग्रजी मुलखात नव्हतं, निजामाच्या राज्यात होतं. पण इथे छावणी होती ती 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेची. पगार निजामाच्या तिजोरीतून, अंमलदार इंग्रज, शिपाई हिंदुस्थानी. रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास उभी केलेली 'रसेल ब्रिगेड' हा या फौजेचा एक मुख्य गाभा. मुख्यालय सिकंदराबादजवळ बोलारमला, आणि ठाणी कुठे कुठे? औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, आणि एलिचपूर म्हणजे अचलपूर. थोडक्यात, अर्धा मराठवाडा आणि वऱ्हाड. या फौजेचा खर्च भागत नाही म्हणून १८५३ च्या तहात इंग्रजांनी वऱ्हाड स्वतःच्या ताब्यात घेतला, हे शाळेत शिकलेलं असतं, फक्त तो 'खर्च' म्हणजे ही छावणी हे कोणी सांगत नाही.

जून १८५७ मध्ये याच छावणीतल्या पहिल्या घोडदळात बंड झालं. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली आणि बंडवाल्यांना कठोर शिक्षा झाल्या. क्रांती चौक आणि काळा चबुतरा या नावांमागे ती आठवण आहे. आपण सिग्नलला थांबतो ना, तिथलीच गोष्ट.

गंमत पुढे आहे. हेच पहिलं घोडदळ १९०३ मध्ये '२० वी डेक्कन हॉर्स' झालं. किचनेरने त्या वर्षी सगळ्या हिंदी फौजेला नवे सलग क्रमांक दिले आणि हैदराबाद कंटिंजंट ही वेगळी फौज म्हणून संपली. कंटिंजंटचं दुसरं घोडदळ झालं '२९ वी लान्सर्स (डेक्कन हॉर्स)'. पायदळाच्या सहा पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या फेररचनेत, १९२१-२२ मध्ये, दोन्ही डेक्कन हॉर्स एक होऊन '९ वी रॉयल डेक्कन हॉर्स' झाली आणि सहा पायदळ पलटणींची मिळून '१९ वी हैदराबाद रेजिमेंट' झाली. १९४५ मध्ये तिचं नाव बदललं आणि ती झाली कुमाऊँ रेजिमेंट!

हो, तीच ती, रानीखेतवाली. पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हे ४ कुमाऊँचे. ही पलटण म्हणजे जुनी ९८ वी इन्फंट्री, आणि तिचं मूळ जातं एलिचपूरचा नवाब सलाबतखान याने १७८८ मध्ये उभ्या केलेल्या फौजेपर्यंत. हिमालयातल्या रेजिमेंटच्या एका पलटणीची नाळ अचलपुरात पुरलेली आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा तपासून पाहिलं होतं.

हे सगळं सांगायचं कारण, आमच्या भाषेत बोलायचं तर ही व्हर्जन हिस्टरी आहे. बिल्ल्यावर कंटिंजंटचं नाव असेल तर तो १९०३ च्या आधीचा नमुना. '२०' आणि डेक्कन हॉर्स असेल तर १९०३ ते १९२१-२२. 'रॉयल' आलं की त्यानंतरचा, आणि प्रजासत्ताकानंतर 'रॉयल' गळतं. नावावरून नमुन्याचा काळ कळतो. मात्र हातातला तुकडा त्याच काळात बनला असं त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी मागे वळायचं.

इथे का बनत?

विलायती बिल्ल्यांचं माहेर म्हणजे बर्मिंगहॅम. जे. आर. गॉन्टसारख्या कंपन्या पोलादी ठशावर पत्रा ठेवून जोरात दाबत. नाजूक रेषा, सगळे नग तंतोतंत सारखे. मग एवढी सोय असताना छावणीच्या बाजारातल्या ओताऱ्याकडे जायची गरज काय?

कारणं बरीच आहेत, त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कारण एका मराठी माणसाला चटकन कळेल असं आहे. शिलेदार! स्वतःचा घोडा आणि स्वतःचं सामान घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. ही आपल्याकडची जुनी पद्धत इंग्रजांनी शब्दांसकट उचलली. काही अपवाद सोडले तर हिंदी घोडदळ पहिल्या महायुद्धापर्यंत 'सिलादार' पद्धतीवर चालत असे. सरकार बंदूक आणि काडतुसं देई. घोडा, खोगीर, कपडे, पट्टे हा सगळा खर्च स्वाराच्या पैशातून, रेजिमेंटच्या सामायिक फंडामार्फत होई. आता स्वाराच्या खिशातून पैसे जायचे म्हटल्यावर रेजिमेंट माल कुठून घेणार? जिथे स्वस्त, जवळ आणि वेळेवर मिळेल तिथून. प्रत्येक छावणीला सदर बाजार असे, प्रत्येक पलटणीला स्वतःचा बाजार असे. त्यात शिंपी, मोची, लोहार, ओतारी, सोनार. म्हणजे इथे बनवणं हा नाइलाज नव्हता, तो व्यवस्थेचाच भाग होता.

दुसरं कारण, नावं बदलणं. १९०३ ला सगळ्यांचे क्रमांक बदलले, १९२२ ला परत बदलले. एका झटक्यात हजारो बिल्ले आणि खांद्यावरची नावं जुनी झाली. बोटीने नवी येईपर्यंत साहेब थांबतोय होय?

तिसरं, डोक्यावरचं. विलायती टोपीचा बिल्ला लहान, आणि १९०० नंतर त्याच्या मागे बहुधा एक उभी चपटी पट्टी असे. ती टोपीच्या फटीत सरकवायची. इथे डोक्यावर सोला हॅट किंवा फेटा. त्याला ही पट्टी निरुपयोगी. तिथे मागे दोन कड्या हव्यात, कापडातून आरपार घालून आतून पिन अडकवता येईल अशा.

आणि चौथं, युद्ध. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज दोन लाखांच्या आसपासवरून पंचवीस लाखांपर्यंत गेली. एवढ्या डोक्यांना बिल्ले पुरवताना ठसा, ओतकाम, कापकाम, जे जमेल ते सगळं वापरलं गेलं.

मागची बाजू कशी वाचायची

ओतीव बिल्ला कसा बनतो ते डोळ्यासमोर आणा, म्हणजे खुणा पाठ कराव्या लागत नाहीत. एक अस्सल बिल्ला घ्यायचा. दोन भागांच्या चौकटीत बारीक, किंचित ओलसर वाळू ठासायची, त्यात बिल्ला दाबून काढायचा. मुशीत पितळ वितळवायचं, बहुधा मोडीतलं, आणि त्या पोकळीत ओतायचं. थंड झालं की फोडून काढायचं, कडा कानसायच्या, मागे कड्यांना डाख द्यायचा, घासून चकाकवायचं. आता खुणा बघा.

१. ठशाच्या बिल्ल्याच्या मागे पुढच्या चित्राची उलटी छाप असते. पुढे जिथे उंचवटा, मागे तिथे खळगा. ओतीव बिल्ला मागून बहुतेक सपाट आणि भरीव. हातात घेतला की वजनातच फरक कळतो.

२. ओतीव बिल्ल्याच्या पाठीवर वाळूचे कण उमटतात. तिरप्या उजेडात धरला की रव्यासारखी खरखर दिसते. कुठे बारीक भोकं, ती वितळलेल्या धातूतल्या हवेची. वाळूजच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काम केलेल्या कोणालाही दाखवा, तो लांबूनच सांगेल.

३. फटी. विलायती बिल्ल्यात मुकुटाच्या कमानींमधली जागा ठशानेच स्वच्छ कापलेली असते. वाळूत एवढी बारीक फट नीट उतरत नाही, बुजते. मग कारागीर एक तर ती तशीच भरीव सोडतो, नाहीतर बारीक करवतीने मोकळी करतो. करवतीचे दात फटीच्या आतल्या भिंतीवर दिसतात. कडेला कानशीचे ओरखडे, तेही हाताच्या एका लयीत, एकाच कोनात.

४. कड्या. कारखान्याच्या कड्या एकसारख्या असतात. इथल्या कड्या म्हणजे तांब्याची किंवा पितळेची तार वाकवून, डाख सढळ हाताने. दोन कड्यांची जाडीही कधी वेगळी.

५. रंग. विलायती बिल्ल्यांच्या मिश्रधातूत तांबं बरंच जास्त, म्हणून झाक तांबूस सोनेरी. बाजारातल्या ओतकामाच्या पितळेत जस्त जास्त, म्हणून झाक पिवळी. घरच्या समईचा रंग आठवा.

६. अक्षरं. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याच्यासाठी ती अक्षरं म्हणजे चित्र. ओतल्यावर बुजलेली अक्षरं छिन्नीने परत खोदताना ते दिसतं. 'एस'चं पोट तिरपं, 'एन'ची तिरकी रेघ अंदाजाने ओढलेली.

७. आणि माझी आवडती खूण, माप. वितळलेलं पितळ थंड होताना आकसतं, ढोबळमानाने दीड टक्का. अस्सल बिल्ला ५० मिलिमीटरचा असेल तर त्याच्यावरून ओतलेला साधारण ४९.२५ चा होतो. त्या नकलेवरून पुन्हा नक्कल केली की ४८.५. जेपीईजी फाईल परत परत सेव्ह केली की प्रत्येक वेळी थोडी बिघडते, अगदी तसंच. मात्र माप घेताना बाहेरची कड मोजू नका, ती कानसलेली असते. चित्रातले दोन ठळक बिंदू घ्या, म्हणजे मुकुटावरच्या क्रॉसचं टोक आणि खालच्या पट्टीतल्या एखाद्या अक्षराचा कोपरा, आणि व्हर्नियर कॅलिपरने त्यांच्यातलं अंतर मोजा.

मागे एकदा एका म्हाताऱ्या ओताऱ्याला माझ्याकडचा एक बिल्ला दाखवला होता. मी आपला पुढची बाजू वर करून कौतुकाने त्यांच्या हातात दिला. त्यांनी पुढे बघितलंच नाही. उलटा केला, पाठीवरून अंगठा फिरवला.

"वाळू बारीक होती बरं का सर. चाळून घेतलेली."

"मामा, काम कसं आहे?"

"ओतणारा चांगला. डाख देणारा दुसरा कोणीतरी. पोरगं असंल शिकाऊ."

"कशावरून?"

"हे बघा, डाख वाहून गेलाय. ओतणाऱ्यानं एवढं नीट केल्यावर तो असा डाख द्यायचा नाही."

"आणि पुढचा हत्ती कसा वाटला?"

"हत्ती काय, ज्यानं दिला त्याचा. आपल्याला आलं ते ओतायचं."

दोन मिनिटांत त्या माणसाने एका तुकड्यात दोन माणसं शोधली. मी तोवर फक्त रेजिमेंट शोधत होतो.

खरी अडचण: नकली

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे की! ओतीव असेल तर इथला, ठशाचा असेल तर विलायती. इथेच मेख आहे. आजचा नकली बिल्लाही ओतीवच असतो. तीच वाळू, तेच पितळ, तीच कानस, आणि बऱ्याचदा तशाच परंपरेतला कारागीर. मुंबईच्या चोर बाजारापासून पर्यटकांच्या दुकानांपर्यंत 'ब्रिटिश काळातला' म्हणून असा माल विकला जातो. म्हणजे वरच्या सातही खुणा नकली बिल्ल्यातही सापडू शकतात. बनवण्याच्या पद्धतीवरून 'कुठे आणि कसा' कळतं, 'कधी' कळत नाही.

'कधी'चं उत्तर वापरात असतं. बिल्ला शिपायाच्या डोक्यावर वर्षानुवर्षं राहिला असेल तर तो रोज घासला गेलेला असतो. मग झीज कुठे होते? उंचवट्यांवर. मुकुटाचं टोक, प्राण्याची पाठ, अक्षरांचे माथे गुळगुळीत, आणि खोलगट जागी मात्र मूळचा खरखरीतपणा शिल्लक. त्या खोलगट जागांत पॉलिशचा पांढुरका-हिरवट थर वाळून दगड झालेला. नकली बिल्ला जुना दाखवायला रसायनात काळवंडवतात किंवा वाळूत घोळवतात. तेव्हा काळपटपणा सगळीकडे सारखा येतो आणि झीज खड्ड्यातही दिसते. खड्डा कधी घासला जातो का? नाही ना? मग संशय घ्या.

कड्यांच्या आतला भाग बघा. पिन अडकवून काढून, अडकवून काढून आतून एका बाजूला खाच पडलेली असते. दुकानात टांगून ठेवलेल्या बिल्ल्याच्या कडीला ती खाच कुठून येणार? कडी तुटून परत डाख दिलेला असेल तर फारच छान. नकली बिल्ल्याची दुरुस्ती कोणी करत नाही.

तिसरी तपासणी मुकुटाची. १९०१ पर्यंत व्हिक्टोरियाचा मुकुट, वरून चपटा-पसरट. त्यानंतर राजांचा, कमानी घुमटासारख्या गोल. १९५३ पासून राणी एलिझाबेथचा, कमानी मध्यभागी दबलेल्या. भारत १९५० मध्ये प्रजासत्ताक झाला आणि आपल्या फौजेच्या बिल्ल्यांवर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. तेव्हा मध्ये दबलेल्या कमानींचा मुकुट असलेला बिल्ला कोणी 'ब्रिटिश राजमधला, छावणीत सापडलेला' म्हणून देत असेल तर नमस्कार करून पुढे चला. आणि एक नवीन घोळ: राजे चार्ल्स यांनी २०२२ मध्ये पुन्हा गोल कमानींचा मुकुट निवडला. त्यामुळे आता ताजे, कोरे विलायती बिल्लेही लांबून जुन्यासारखे दिसतात!

असईचा हत्ती

वर ज्या बिल्ल्याचा उल्लेख केला तो हत्तीचा आहे. पितळी, भरीव, वर एक पट्टी, तिच्यात इंग्रजीत 'असाये'. हे 'असाये' म्हणजे जालना जिल्ह्यातलं आपलं असई. खेळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यातलं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. इंग्रजांकडचे सुमारे दीड हजार लोक मेले वा जखमी झाले, आणि ७४ व्या हायलँडर्स पलटणीची जवळजवळ धूळधाण उडाली.

या लढाईची खूण म्हणून ७४ वी आणि ७८ वी हायलँडर्स आणि १९ वी लाइट ड्रॅगून्स यांना 'असाये' शब्दासह हत्तीचं चिन्ह मिळालं. ७४ वी पुढे १८८१ मध्ये हायलँड लाइट इन्फंट्रीत गेली आणि त्या रेजिमेंटच्या टोपीच्या बिल्ल्यावर तळाशी हत्ती आला. म्हणजे ग्लासगोच्या गल्लीतलं पोरगं शिपाई झालं की डोक्यावर असईचा हत्ती घेऊन फिरे, असई कुठे आहे हे माहीत नसताना. पण वेलस्लीच्या फौजेत गोऱ्या पलटणी थोड्याच. बहुतेक लढणारे मद्रासी शिपाई आणि स्वार होते. त्यांचा वारसा सांगणाऱ्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात आजही हत्ती आहे. स्वतंत्र भारताच्या सैन्यात मात्र आपल्याच लोकांविरुद्धच्या असल्या लढायांचे मान मिरवले जात नाहीत. शब्द गेला, हत्ती राहिला.

मग माझा हत्ती कोणाचा? इथे चित्रापेक्षा माप आणि दिशा कामाला येते. कॉलरचे बिल्ले लहान असतात आणि जोडीने, एकमेकांकडे तोंड केलेले. हेल्मेटचे आणि फेट्याचे मोठे आणि एकेकटे. माझा इंचभराचा, डावीकडे तोंड केलेला, म्हणजे कॉलरचा, जोडीतला एक. पाठ सपाट, वाळूचे कण स्पष्ट, सोंड आणि पायांमधल्या फटी करवतीने मोकळ्या केलेल्या. हत्तीची पाठ आणि गंडस्थळ झिजून गुळगुळीत, पायांमध्ये पॉलिशचा दगड झालेला थर, एका कडीला आतून खाच. थोडक्यात, इथे ओतलेला आणि कोणीतरी खरोखर वापरलेला. त्याच्यावर असईचं नाव आहे, ते गाव माझ्या घरापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे, आणि मोडीवाल्याच्या तराजूत तो स्टोव्हच्या बर्नरशेजारी पडला होता.

एवढी उठाठेव कशासाठी?

आमचा एक मित्र विचारतो, अरे इंग्रजांचे बिल्ले, आपल्याला गुलाम करणाऱ्यांचे. वितळले तर वितळले, तुझं काय जातंय? प्रश्न वाजवी आहे. काळ्या चबुतऱ्याच्या शहरात तर फारच वाजवी.

पण बघा. ज्या घोडदळातल्या स्वारांना १८५७ मध्ये इथे शिक्षा झाल्या, त्याच घोडदळाचे वारस १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुडपाशी भाले घेऊन तोफा-मशीनगनसमोर घोड्यावरून गेले. दख्खनी मुसलमान, शीख, जाट. त्यांच्यातल्या इंग्रज अंमलदारांची नावं, बढत्या, बदल्या छापील आर्मी लिस्टमध्ये वर्षावर्षाला मिळतात. हिंदी अंमलदारांचीही बरीच मिळतात. साध्या स्वारांची फार कमी. आणि ज्याने त्यांचे बिल्ले ओतले त्याचं नाव कोणत्याच यादीत नाही. गॉन्ट कंपनी आपलं नाव बिल्ल्याच्या पाठीवर बारीक अक्षरात ठोकायची. छावणीच्या बाजारातल्या माणसाने पाठीवर ठेवली ती कानशीची रेघ, वाकडी कडी आणि वाहून गेलेला डाख. त्याच्या कामाचा कागद तो एवढाच. कॅटलॉगमध्ये त्याला 'दोष' म्हणतात, आणि मोडीवाला तो किलोवर वितळवतो. एकदा मुशीत गेला की तो कागद गेला.

म्हणून काही साध्या विनंत्या. घरात, आजोबांच्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात असा तुकडा असेल तर कृपया तो चिंच-मीठ किंवा पितांबरी लावून लख्ख करू नका. पॉलिशचा तो जुना थर हाच वापराचा पुरावा असतो. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा, बास. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागच्या बाजूचा तिरप्या उजेडात. घरातला स्कॅनर असेल तर पट्टी शेजारी ठेवून स्कॅन करा, माप त्यातच येतं. वजन लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो कुठे मिळाला, कोणाकडून आला हे आत्ताच एका कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवा. कुठल्या गावच्या छावणीतला, कोणाच्या घरातला, हे बिल्ल्यावर कुठेही लिहिलेलं नसतं आणि एका पिढीत विसरलं जातं.

विकायचाच असेल तर एक लक्षात असू द्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. १९०३ च्या क्रमांकाचा त्याच काळातला बिल्ला आता त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला आहे. परदेशी संग्राहक कितीही गोड बोलला तरी कुरियर करण्याआधी विचार करा.

आणि घेणार असाल तर? भिंग, कॅलिपर आणि थोडा धीर बरोबर ठेवा. विकणारा पुढची बाजू दाखवत मुकुटाबद्दल, राणीबद्दल, लंडनबद्दल बोलत राहील. बोलू द्या. तुम्ही "हां हां, बराबर" म्हणत बिल्ला उलटा करा, उजेडाकडे तिरपा धरा आणि पाठीवरून अंगठा फिरवा. वाळू बारीक होती की जाड, डाख कोणी दिला असेल, कडीला खाच आहे का, एवढं आधी बघा. राणीचं नंतर बघू.